तीन महिने कुणाला सांगायचं नाही

कोजागिरीच्या पहाटे किटवर दोन रेघा उमटल्या. २०२१ साल, १९ ऑक्टोबर. आमचं कसबा पेठेत मेडिकलचं दुकान आहे. आदल्या रात्री शटर ओढायच्या आधी रॅकमधलं एक किट मी पर्समध्ये टाकलं होतं, नवऱ्याच्याही नकळत. सकाळी त्याला दाखवलं. तो बराच वेळ नुसता बसून राहिला आणि मग म्हणाला, "आईला सांगू या." रात्री गच्चीवर दूध आटवताना सासूबाईंना सांगितलं. त्यांनी डाव पातेल्यात तसाच सोडला, माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली, चारोळ्या घालून पहिला पेला मला दिला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तीन महिने कुणाला सांगायचं नाही हं. तुझ्या बहिणीलासुद्धा नाही."

मी कुणालाच सांगितलं नाही. त्या न सांगण्याबद्दलच हे लिहितेय.

या रीतीला मी नावं ठेवत नाही. गर्भ पडायचा तर बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच पडतो. सगळ्या गावाला आनंदाची बातमी दिली आणि मग प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसायचं, "राहिलं नाही हो," हे किती जिव्हारी लागतं ते मी माझ्या मामेबहिणीच्या वेळी पाहिलंय. ज्या बायकांनी ही रीत पाडली त्यांना ते ठाऊक होतं. पण याच तीन महिन्यांत पोटातल्या जिवाचा मेंदू आईच्या थायरॉइडच्या हार्मोनवर वाढत असतो, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी तर डी. फार्म. झालेली. मला असायला हवं होतं.

त्या पंधरा दिवसांत काय काय झालं ते सांगते. दिवाळी ४ नोव्हेंबरला होती. त्याच्या आधी दुकानाच्या मागच्या रॅकला वाळवी लागल्याचं लक्षात आलं. मागची भिंत जुन्या वाड्याची, मातीची, दर दोन-तीन वर्षांनी हे होतंच. पेस्ट कंट्रोलवाला आला. दुकानातला मुलगा गावाला गेलेला, नवरा बँकेत, म्हणून रॅकखाली टॉर्च धरायला मीच बसले. त्याने बादलीत पाणी घेतलं आणि डब्यातलं औषध ओतलं. पाणी क्षणात ताकासारखं पांढरं झालं. वास रॉकेलचा, आणि त्याच्या मागे एक सडक्या लसणासारखा. भिंतीच्या कडेने त्याने वीतभर अंतरावर भोकं पाडली आणि एकेका भोकात ते औषध भरत गेला. सवयीने मी डब्यावरचं लेबल वाचलं. क्लोरपायरिफॉस, २० टक्के ईसी. बुरशीवरचं मलम असो की वाळवीचं औषध, लेबल वाचल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. वाचलं, आणि तरी तिथेच बसून राहिले. "मला इथे बसायचं नाही," म्हटलं असतं तर तो पेस्ट कंट्रोलवालासुद्धा "का?" म्हणाला असता. आणि त्या "का"चं उत्तर द्यायचं नव्हतं.

घरी रंगकाम चाललेलं. दारांच्या चौकटींवर ऑइलपेंटचे किती थर होते कोण जाणे. रंगारी पॉलिश पेपरने घासायचा आणि त्याची पांढरट-हिरवी पूड उंबऱ्यावर साचायची. संध्याकाळी ती मीच झाडायचे, कारण झाडणं एरवीही माझ्याकडेच असतं. थिनरच्या वासाने मला मळमळायचं. जाऊबाई म्हणाल्या, "पित्त झालंय तुला." मी हो म्हटलं.

मग लक्ष्मीपूजन. आमच्या बोळात दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं आहेत आणि धूर बाहेर जायला वाट नाही. पोरं नागगोळ्या पेटवत होती. ती काळी टिकली जळताना तिच्यातून साप निघतो, तो बघायला मला लहानपणी फार आवडायचं. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मिळून २०१६ साली फटाक्यांचा धूर मोजला होता, तेव्हा सगळ्यांत वाईट निघाली ती हीच आवाज न करणारी नागगोळी. दर घनमीटर हवेत अतिसूक्ष्म कण ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढले होते. फुलबाजीचे १०,३९०. आपल्याकडे दिवसभराच्या सरासरीची मर्यादा आहे ६०. हे आकडे पेपरात आले तेव्हा मी कापून काउंटरच्या काचेखाली लावले होते, दम्याच्या पेशंटांसाठी. त्या रात्री पणत्या लावत मी दारात उभी होते. सहा आठवडे आणि तीन दिवस.

आठव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. ठोके दिसले, फॉलिक ॲसिड चालू झालं. बाकीच्या तपासण्यांचं विचारलं तर तिथल्या बाईंनी सांगितलं, "नाव घालाल तेव्हा सगळं एकदमच करू." नाव घालायचं ते तीन महिने भरल्यावर. म्हणजे घरातल्यासारखीच रीत तिथेही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रक्त दिलं. संध्याकाळी काउंटरवर उभी असतानाच मोबाइलवर रिपोर्ट आला. टीएसएच ७.४. थायरॉइडची ही तपासणी उलटी चालते, आकडा जास्त म्हणजे थायरॉइड कमी पडतंय. गरोदरपणातल्या थायरॉइडसाठी आपल्या केंद्र सरकारची २०१४ ची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत पहिल्या तीन महिन्यांसाठी वरची मर्यादा २.५ आहे. नंतर काही ठिकाणी ती ४ पर्यंत सैल केली गेली. कुठल्याही मापाने ७.४ जास्तच. माझ्या हातात त्या वेळी दुसऱ्याच कुणाची थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणारं थायरॉइडचं हार्मोन भरून काढणाऱ्या गोळीची, बाटली होती, शंभर गोळ्यांची. रोज अशा दहा-पंधरा बाटल्या मी देते. "सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास," हे वाक्य झोपेतसुद्धा म्हणेन.

थायरॉइडने गर्भाचं काय अडतं, ते थोडक्यात सांगते. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. गर्भाच्या मेंदूतल्या पेशी कुठून निघून कुठे जाऊन बसायच्या, हे ठरण्यात या हार्मोनचा हात असतो. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडिन ओढायला लागते आणि कामाला पुरती जुंपायला अठरावा-विसावा आठवडा उजाडतो. तोवर त्याला मिळतं ते आईच्या रक्तातलं. आईची स्वतःची गरजही या काळात तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. चांगल्या ग्रंथीला हे जमून जातं. माझी थकलेली होती.

कारण अँटी-टीपीओ नावाची रक्ततपासणी केली, तेही खूप वाढलेलं निघालं. म्हणजे माझ्याच शरीराची प्रतिकारशक्ती माझ्या ग्रंथीला कुरतडत होती, आणि ते काही कोजागिरीपासूनचं नव्हे, वर्षानुवर्षांचं. म्हणून वाळवीच्या औषधाने किंवा रंगाने माझं थायरॉइड बिघडवलं असं मी म्हणत नाही, आणि कुणी माझ्या नावावर तसं सांगूही नये. मला सलतं ते वेगळंच. उन्हाळ्यात तळ दिसायला लागलेल्या विहिरीवर कुणी दुसरी मोट लावत नाही. माझ्या विहिरीचा तळ दिसत होता, आणि कुणी आत डोकावूनच पाहिलं नाही.

पोटात लेक वाढत असताना रात्री मी वाचत बसायचे. त्यात परक्लोरेट भेटलं. काही फटाक्यांच्या दारूत ते प्राणवायू पुरवायला घालतात, रॉकेटच्या इंधनातही असतं. केरळात अलुवाजवळ अमोनियम परक्लोरेट बनवायचा कारखाना आहे, तिथल्या आसपासच्या विहिरींच्या पाण्यात ते उतरलेलं सापडलं होतं. थायरॉइडच्या पेशीला आयोडिन आत घ्यायला एक दार असतं. त्या दाराला आयोडिनपेक्षा परक्लोरेट जास्त चिकटतं, आणि आयोडिन बाहेर ताटकळतं. हे इतकं पक्कं आहे की १९५०-६० च्या दशकांत थायरॉइड वाढलेल्या पेशंटांना परक्लोरेट औषध म्हणून द्यायचे. तंबाखूच्या धुरातून शरीरात तयार होणारं थायोसायनेट, खतांमुळे विहिरींत उतरणारं नायट्रेट, ही दोन्हीही त्याच दाराशी गर्दी करतात, जोर कमी असला तरी.

कार्डिफ आणि ट्युरिनमध्ये झालेला एक अभ्यास मी तीनदा वाचला. गरोदरपणात ज्यांचं थायरॉइड कमी भरलं होतं अशा ४८७ बायका आणि त्यांची मुलं. पहिल्या तिमाहीत आईच्या लघवीतलं परक्लोरेट मोजलेलं होतं, आणि तीन वर्षांनी मुलांचा बुद्ध्यांक. ज्या आयांचं परक्लोरेट वरच्या दहा टक्क्यांत होतं, त्यांची मुलं बुद्ध्यांकात तळाच्या दहा टक्क्यांत असण्याची शक्यता जवळपास तिप्पट निघाली. २०१४ साली हे छापून आलं. माझ्यासारख्याच, तळ दिसणाऱ्या विहिरींच्या बायका. ही माहिती ज्या मोठ्या प्रयोगातून घेतली होती, त्यात निम्म्या बायकांना थायरॉक्सिन दिलं होतं आणि तीन वर्षांच्या मुलांमध्ये त्याचा काही फायदा दिसला नाही. गोळी सुरू कधी झाली होती? सरासरी तेराव्या आठवड्यानंतर. ते वाचून मी लॅपटॉप मिटला. माझी गोळी बाराव्या आठवड्यात सुरू झाली होती.

हवेबद्दलही आहे. युरोपातले चार आणि अमेरिकेतला एक, अशा पाच अभ्यासांतल्या जवळपास दहा हजार गरोदर बायकांची माहिती २०१९ साली एकत्र पाहिली गेली. पहिल्या तिमाहीत हवेत सूक्ष्म कण जास्त, तर आईच्या रक्तात थायरॉक्सिन कमी असण्याचं प्रमाणही जास्त. ती शहरं आपल्या स्वारगेटच्या किंवा हडपसरच्या मानाने कितीतरी स्वच्छ.

आता मिठाचं सांगते, कारण या सगळ्यात माझ्या हातातलं होतं ते मीठच.

आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवस उपास असतो. त्या वर्षी घट ७ ऑक्टोबरला बसले, दसरा १५ ला. दिवस राहिले ते नेमके त्याच दिवसांत. उपासाला शेंदेलोण. आणि सासूबाईंच्या ब्लडप्रेशरसाठी म्हणून वर्षभरापासून रोजच्या स्वयंपाकातही गुलाबी मीठच आलं होतं. चिनी मातीच्या बरणीत, लाकडी चमच्यासकट, ओट्यावर. दिसायला सुंदर. पण त्यात आयोडिन नसल्यातच जमा. ब्लडप्रेशर वाढवणारं सोडियम मात्र पांढऱ्या मिठाइतकंच. आपल्याकडे आयोडिनच्या मिठाची गोष्ट मोठी आहे. कांगडा खोऱ्यात १९५० च्या दशकात डॉ. रामलिंगस्वामींनी गलगंडावर काम केलं, मिठात आयोडिन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ साली देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. आज नियमाने घरात पोचलेल्या मिठात निदान १५ पीपीएम आयोडिन हवं, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम लागतं. दुकानातल्या लोह-फॉलिकच्या गोळीत आयोडिन नसतं, ते मी पाकिटं उलटून पाहिलंय.

आणि त्या दाराशी परक्लोरेटची गर्दी किती भोवते, ते आत आयोडिन किती शिल्लक आहे यावरच ठरतं. बोळातला धूर मी एकटी थांबवू शकत नव्हते. बरणी बदलू शकत होते.

सासूबाईंना हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर झाकणाचा स्टीलचा डबा होता, पांढऱ्या मिठाचा, आणि गुलाबी मिठाची बरणी देवघराच्या कपाटात गेलेली. "उपासापुरतं राहू दे," एवढंच म्हणाल्या. मग मी त्यांना सांगितलं की मीठ आमटीत शेवटी घालायचं, आयोडिन उडून जातं. अजूनही फोडणीत मीठ पडलं की त्या "अगं बाई" म्हणतात.

थोडं विषयांतर. मी पर्वतीच्या पायथ्याशी वाढले. पावसाळ्यात तळजाईवर डबकी साचायची, त्यातले बेडूकमासे आम्ही काचेच्या बरणीत घालून घरी आणायचो. आधी मागचे पाय फुटायचे, मग पुढचे, मग शेपूट आत ओढली जायची. आई ओरडली की बरणी परत टेकडीवर. हे सगळं रूपांतर थायरॉइडच्या हार्मोनवर चालतं, हे मला तिसाव्या वर्षानंतर कळलं. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर वाढ व्हायच्या आधीच त्यांचे इवलेसे बेडूक झाले. आणि ते हार्मोन मिळालंच नाही, तर बेडूकमासा नुसता मोठा होत जातो, बेडूक होत नाही. म्हणून आज एखादं रसायन थायरॉइडमध्ये ढवळाढवळ करतं का हे तपासायला बेडूकमासे वापरतात. त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २००९ साली ठरली. बाजारात असलेल्या हजारो रसायनांपैकी फारच थोडी या चाचणीतून गेली आहेत, याचा मला राग येतो. तपासणी आधी व्हायला हवी, विक्री नंतर. औषधांना आपण हा नियम लावतो. मग रंगाला, बिलाच्या कागदाला का नाही?

बिलाचा कागद म्हटलं, कारण तो माझ्या हातात दिवसाला दोनशे वेळा येतो. तो गुळगुळीत, उन्हात अक्षरं उडून जाणारा थर्मल कागद. त्यावर अक्षर उमटावं म्हणून अनेकदा बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, नावाचं रसायन वापरतात. युरोपने २०२० पासून त्या कागदातलं बीपीए जवळपास बंद केलं. २०२१ मध्ये आम्ही काउंटरवर सतत सॅनिटायझर चोळत होतो आणि त्याच ओल्या हातांनी बिलं फाडत होतो, आणि अशा ओल्या हातांतून ते कातडीत जास्त मुरतं. आता बिल मी मोबाइलवर पाठवते. कागदच हवा असेल त्याला हाताने लिहून देते.

क्लोरपायरिफॉसबद्दलही पुढे कळलं. २०२५ च्या मे महिन्यात ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, म्हणजे काही अपवाद सोडून जगभरात बंद करण्याच्या यादीत. माझ्या मागच्या भिंतीत ते भरलेलं आहे. तिथे मी आता लाकडाऐवजी लोखंडी रॅक लावलेत, भिंतीपासून हातभर लांब.

लेक जून २०२२ च्या शेवटी झाली. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, नवजात बाळाचं टीएसएच पाहायला. ती रडली त्याच्यापेक्षा मी जास्त रडले. रिपोर्ट चांगला आला. आता ती चारोळ्या मोजते. मोजताना मध्ये सात गाळते, आणि मी ते सात परत परत ऐकते. हा आकडा इतर मुलंही गाळतात, हे मला बालवाडीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

काउंटरवर मी बदलले ते एवढंच. किट न्यायला आलेल्या मुलीला मी हळू आवाजात म्हणते, "दोन रेघा आल्या तर त्याच आठवड्यात टीएसएच करून घे गं, नाव घालायची वाट बघू नकोस." काही जणी लाजतात, काही जणी "तुम्हाला काय करायचंय" अशा नजरेने बघतात. चालतं. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असणाऱ्या बाईला सांगते की दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर डॉक्टरांना फोन कर, डोस वाढवावा लागतो. आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास लांब ठेव. एकदा एक मुलगी एकाच पिशवीत किट आणि मच्छर अगरबत्ती मागायला आली. मी अगरबत्ती ठेवून घेतली आणि तिला मच्छरदाणी कुठे मिळते ते सांगितलं.

गेल्या गणपतीत नणंदेचा फोन आला. ती वाकडला असते. कसब्याच्या मिरवणुकीचे ढोल चालू होते, काही ऐकू येईना, तरी "वहिनी, दोन रेघा" एवढं कळलं. पाच आठवडे. तिच्याकडे दिवाळीच्या आधी पूर्ण फ्लॅटचा रंग ठरलेला होता. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या ढोलांच्या वर आवाज चढवून ओरडल्या, "रंगाऱ्याला जानेवारीत बोलव. कारण विचारलं तर सांग, आईने मुहूर्त काढलाय." मग फोन माझ्याकडे देत म्हणाल्या, "हिचं ते टीएसएच आज होतं का उद्या? सुट्टीचं लॅब उघडी असते का बघ."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः रिक्षा करून तिच्याबरोबर गेल्या. १.९ आलं.

पेढे मात्र त्यांनी चौथा महिना लागल्यावरच वाटले.